नाव न घेता केलेली प्रार्थना

बारामती,
मंगळवार

बंधुतुल्य साडूभाऊ दाविदराव यांना शांतवन साळवे याचा प्रभूच्या नावाने सलाम, आणि मरियाताईंना दोन सलाम (एक माझा, एक मार्थाचा, तिचा वेगळा लिहिला नाही तर भाजीत मीठ कमी पडतं). तुमची साखर, ताईंचा गुडघा आणि ती जुनी स्कूटर, तिघांचीही प्रकृती बरी असेल अशी आशा करतो. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, खरं काय ते पुढे येतंच आहे. खिशात मोबाइल असताना हा माणूस कागद कशाला खरडतोय, असं तुम्ही एव्हाना ताईंना विचारलं असेल. फोनवर तुम्ही मध्येच हसता आणि माझा मुद्दा निसटतो, म्हणून खरडतोय.

हे पत्र मुळात आभाराचं आहे. वर्षापूर्वी आमच्या पाळकसाहेबांच्या मनात आलं की रविवारी उपासना झाली की लोक हात मिळवतात आणि चपला शोधायला लागतात, कोणाच्या घरात काय चाललंय याचा कोणाला पत्ता नसतो. म्हणून पाच-पाच घरांची एकेक कुटुंब-संगती करायची. दर शुक्रवारी संध्याकाळी आळीपाळीने एकेका घरी जमायचं, एक गीत, थोडं वचन, मग ज्याने त्याने आपली अडचण सांगायची आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. एका संगतीचा पुढारी म्हणून त्यांनी मला नेमलं. मी लगोलग इंदापूरला येऊन तुमची संगती बघून गेलो, आठवतं ना? दीड तासात तुम्ही मोजून चार वाक्यं बोललात. मला वाटलं तुमचा घसा बसलाय. निघताना स्टँडवर तुम्ही म्हणालात की शांतवनराव, आपण कमी बोलायचं आणि तिथलं तिथेच ठेवायचं. मी ते वहीत लिहून घेतलं. ती वही मात्र कुठे गेली देव जाणे.

आता बत्तीस वर्षं एसटीच्या स्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारलेल्या माणसाला कमी बोल म्हणायचं म्हणजे काय, हे तुम्हाला माइकच्या त्या बाजूला बसून नाही कळायचं. पहिल्याच शुक्रवारी मी वेळापत्रक करून भिंतीला लावलं. गीत आठ मिनिटं, वचन पंधरा, प्रत्येक घराची अडचण सात मिनिटं. सात मिनिटं झाली की स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचा. यात आमचे कचरूमास्तर (निवृत्त शिक्षक, वय बहात्तर, अडचण कायम एकच, की लोक त्यांचं ऐकून घेत नाहीत) पाच वेळा चमचा वाजला तरी बोलत राहायचे. बाकीचे बिचारे शिस्तीत होते. एकदा श्रेया, म्हणजे पिंपळीच्या फुलाबाईंची सून, बोलता बोलता रडायच्या बेतात आली होती, नेमका तेव्हा मी चमचा वाजवला. तिने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, झालं माझं. मला त्या वेळी स्वतःचा अभिमान वाटला होता. आज तो चमचा ड्रॉवरमध्ये दिसला की मी दुसरीकडे बघतो.

खाण्याचं तर विचारू नका. पाळकसाहेबांनी फक्त चहा सांगितला होता. पहिल्या घरी चहा आणि खारी झाली. दुसऱ्या घरी पोहे. तिसऱ्या घरच्या बाईंनी ऐकलं की दुसरीकडे पोहे झाले, म्हणून त्यांनी भजी आणि शिरा केला. चौथ्या घरी, म्हणजे आमच्याच, कटलेट झाले. (आपल्या सासऱ्यांनी मुलींची नावं मार्था आणि मरिया ठेवली तेव्हाच आपल्या दोघांचं नशीब ठरून गेलं. तुमची पुढे बसून वचन ऐकते, माझी तळणीसमोर उभी राहून ऐकते.) असं वर्षभर चढतच गेलं, आणि या फेरीत पाचव्या पाळीला फुलाबाईंनी जाहीर केलं की त्यांच्याकडे कोंबडीचा रस्सा असणार. मी पुढारी होतो, मी हे थांबवायला हवं होतं. मी काय केलं, तर दुपारी जेवलो नाही.

आता मुख्य गोष्ट. फुलाबाईंचा मुलगा, म्हणजे श्रेयाचा नवरा, गोकुळ एका कंपनीत कंत्राटी कामाला होता. त्या शुक्रवारच्या दोन दिवस आधी मला तो भिगवण चौकात भेटला आणि म्हणाला, काका बसा गाडीवर, सोडतो. वाटेत त्याने सांगितलं की कंत्राट संपलं, काम सुटून तीन आठवडे झाले. घरी कोणाला, आईला तर मुळीच, सांगायचा धीर होत नाही, म्हणून रोज सकाळी डबा घेऊन निघतो आणि कालव्याच्या पुलापाशी बसून राहतो. पुढेही तो बरंच काही बोलला. वारा होता, ट्रक चालले होते. मी मागून हो हो म्हणत राहिलो. उतरताना त्याने माझा हात हातात घेतला तेव्हा मला भरून आलं. ठरवलं, या पोरासाठी मनापासून प्रार्थना करायची. अर्थात नाव न घेता. तेवढं मला कळतं.

शुक्रवारी फुलाबाईंच्या घरी आम्ही सगळे जमलो. प्रार्थनेची वेळ झाली, सगळ्यांनी डोळे मिटले, आणि मी सुरुवात केली. म्हटलं, दयाळू पित्या, आज या छपराखाली तुझं एक तरुण लेकरू आहे, त्याचं नाव मी घेत नाही, तुला ते माहीत आहे. (त्या छपराखाली पुरुष चारच होतो. मी, बहात्तर वर्षांचे कचरूमास्तर, बालवाडीतला एक मुलगा आणि गोकुळ.) त्याचं काम सुटून तीन आठवडे झाले, हेही तुला माहीत आहे. तो रोज लाल गाडीवर डबा घेऊन निघतो, प्रभू, आणि पुलापाशी बसून एकटाच खातो. त्याच्या भोळ्या आईला यातलं काही ठाऊक नाही, तिला तू सांभाळ. दाविदराव, माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. रस्त्यापलीकडच्या गोठ्यातल्या माणसांनाही तिसऱ्या वाक्याला कळलं असणार की कोणाबद्दल चाललंय.

मी आमेन म्हटलं. दुसरं कोणी म्हटलं नाही. मला वाटलं, लोक भारावलेत. रस्सा वाढला गेला, कोणी धड जेवेना, मला वाटलं अजून भारावलेत, आणि मी दोनदा वाटी पुढे केली. गोकुळ ताटावर नव्हता. परत येताना मार्था गाडीवर मागून पिंपळीपासून आमच्या दारापर्यंत अखंड बोलत होती आणि मी हो हो म्हणत होतो. घरी आल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तेच सगळं पुन्हा म्हणाली. त्या रात्रीचा रस्सा मला अजून पचलेला नाही.

पुढच्या शुक्रवारी फक्त कचरूमास्तर आले. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. फुलाबाईंच्या घरचं कोणी रविवारच्या उपासनेलाही दिसेना. पाळकसाहेब मला एक शब्द लागेल असा बोलले नाहीत, फक्त म्हणाले की आणखी एक शुक्रवार बघू, नाही जमलं तर तुमची घरं कसब्यातल्या संगतीत घालू. पण फुलाबाई कसब्यात जायच्या नाहीत, त्या कुठेच जायच्या नाहीत, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. माझ्या एका प्रार्थनेने एक घर देवळातून उठलं होतं. स्टँडवर माझ्या चुकीने फार तर माणूस फलटणच्या गाडीत बसायचा.

शेवटी मी एका संध्याकाळी एकटाच पिंपळीला गेलो. फुलाबाई गोठ्यात म्हशीची धार काढत होत्या. मी उपड्या पाटीवर बसलो आणि क्षमा मागितली. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, "मला पहिल्या दिसापास्नं ठावं व्हतं. कंपनीतनं येतंय पोरगं आन् पायाला कालव्याचा गाळ? मी डब्यात एक भाकरी जास्तच घालत व्हते. म्हनलं, यील त्याच्या मनात तवा सांगंल सोताच्या तोंडानं. ती वाट बघत व्हते मी, साळवेभाऊ. तुमी त्याच्या तोंडातनं काडून घेतलं."

मी खाली बघत बसलो. त्या आणखी काहीतरी म्हणाल्या, मी मान हलवून हो हो म्हटलं. त्यांची धार थांबली. उठल्या, म्हशीला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला आल्या आणि वाकून म्हणाल्या, "मी इचारलं, च्या घेनार का, तर व्हय म्हनला. मग इचारलं, गोकुळनं तुमाला परार्थनेत काडू नका म्हून इनवलं व्हतं, आयकलं न्हाय का, तरी बी व्हयच. ह्या डाव्या कानानं आयकू येत न्हाय का काय?"

दाविदराव, फुलाबाईंनी मग सगळं उलगडून सांगितलं. त्या पोराने गाडीवर मला सांगितलं होतं की येत्या रविवारी मीच आईला सांगणार आहे, तोवर प्रार्थनेतसुद्धा काढू नका आणि आमची पाळी पुढे ढकला. मी त्याला हो म्हटलं होतं. डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेलाय, उजवा निम्म्यावर आलाय. स्टँडवरच्या माणसाला ऐकू येत नाही हे कोणाला सांगायचं, म्हणून मी आवाज वाढवला आणि चमचा घेतला. मीच बोलत राहिलो की दुसऱ्याचं ऐकावं लागत नाही. फुलाबाई रागावल्या नाहीत. त्यांच्या मालकांचंही शेवटी असंच झालं होतं म्हणाल्या. चहा दिला आणि अट घातली. शुक्रवारी त्यांच्याच घरी जमायचं, नुसता चहा, प्रार्थना त्या करणार. आणि माझी अडचण मी सगळ्यांसमोर माझ्या तोंडाने सांगायची, मगच त्यांचं घर संगतीत परत बसेल.

आणि शुक्रवारी संगती भरली हो! पाचही घरं आली. कचरूमास्तर चार मिनिटांत आपणहून थांबले. मी उभा राहिलो आणि सांगितलं की वर्षभर तुमची निम्मी दुःखं मी ऐकलीच नाहीत, नुसती मान हलवली, मला क्षमा करा. कोणी हसलं नाही. गोकुळने आपली खुर्ची उचलून माझ्या उजव्या हाताला आणली आणि त्याचं त्याने, त्याच्या आईकडे बघत, सगळं सांगितलं. काम अजून मिळालेलं नाही, पण सांगताना त्याचा चेहरा मोकळा झाला. श्रेया अर्धा तास बोलली, चमचा घरी होता. फुलाबाईंची प्रार्थना दोन वाक्यांची झाली आणि आमेन सगळ्यांनी म्हटलं. मार्था उठून माझ्या शेजारी येऊन बसली. मला या माणसांचे उपकार कुठे ठेवू असं झालंय. पगारी नोकरीत मला एवढं कोणी सांभाळून घेतलं नव्हतं, आणि हे सगळं तुमच्या स्टँडवरच्या एका वाक्यापासून सुरू झालं, म्हणून तुमचेही आभार. मनापासून मानतो, हसू नका.

तुमचा ऋणी साडू,
शांतवन

ता. क. कचरूमास्तर चार मिनिटांत थांबले हे वाचून तुम्हाला शंका आलीच असेल. गोठ्यातलं सगळं खरं आहे. शुक्रवार अजून यायचा आहे. मी उभा राहून सांगितलं असं जे वर लिहिलंय, ते कागदावर तरी जमतंय का हे बघितलं. जमलं, पण घाम फुटला. माझी जीभ अडकली तर ते घर कायमचं जाईल.

ता. क. २. म्हणून मुख्य विनंती. तुम्ही आणि मरियाताई शुक्रवारी पाचच्या आत पिंपळीला या. काही बोलू नका, ते तुम्हाला येतंच. नुसते माझ्यासमोर बसा, म्हणजे मला बघायला एक ओळखीचं तोंड राहील. येताय की नाही ते फोनवर सांगू नका, फोनवर मला तुमचं हसणंही ऐकू येत नाही, हे आता कबूल करतो. ज्याच्या हाती पत्र पाठवतोय त्या सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडेच चिठ्ठी द्या.

ता. क. ३. फुलाबाईंनी निघताना आणखी एक बजावलं होतं, की चारचौघांत सांगण्याआधी घरी सांगा, नाहीतर मार्थाताईला शुक्रवारी माझ्यासारखंच वाटंल. दोन वर्षं ती माझ्या डाव्या बाजूला झोपते आणि दिवा मालवल्यावर काही ना काही सांगत असते. मी आजवर प्रत्येक गोष्टीला हो म्हटलंय, कशाकशाला म्हटलंय ते आता तिलाच विचारायला हवं. ती आत चहा टाकतेय. पाकीट चिकटवतो आणि जातो.