मागच्या काचेवरचं निळं अक्षर

रविवार, संध्याकाळ

बाबाची जुनी अँबेसेडर मीच खपून नव्यासारखी केली, अन् आज विकायची म्हणून सकाळी मागच्या काचेवरचं निळं ‘जय भीम’ ब्लेडनं खरवडून टाकलं. बाबानं प्लांटात नोकरीला असताना स्वतःच्या हातानं लिहिलं होतं ते. फोनवर गिऱ्हाईक हिंदीत बोललं, नेहरू नगरचं, बड्या लोकांच्या वस्तीतलं. त्याले खटकलं तर? पण तो तर काहीच म्हणाला नव्हता. मग मले कावून एवढी घाई झाली?

दुपारी तो आला. इंजिन ऐकलं, रंग पाहिला, अन् मागच्या काचेपाशी थांबला. एकदम मराठीत म्हणाला, “लहानपणी जयंतीच्या मिरवणुकीत ह्याच गाडीमागं चालत होतो मी. अक्षर कुठं गेलं?”

“रंगकामात गेलं,” मी म्हटलं. सकाळी मले खरवडताना पाहिलेले बाबा अंगणातून माझ्याकडंच पाहून राहिले होते.

तो बाबाले म्हणाला, “काकाजी, पुन्हा लिहून द्या. मंगच नेतो.”

तेव्हापासून बाबा ब्रश घेऊन त्या काचेसमोर बसले आहेत. रंग ओघळते, पुसून पुन्हा सुरू करतात. मी म्हटलं, “द्या, मी लिहितो.”

बाबा वळलेही नाहीत. “तू नोको लिहू.”