कौलांच्या मालाचा दर

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर पूर्ण, अविवाहित, मालवाहतूक रेल्वे कंपनीच्या दरविभागातून मुख्य लेखनिक म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र शुद्धीत, राजीखुशीने, चष्मा पुसून आणि कोणी पाठीशी उभे नसताना लिहीत आहे. माझे हृदय दमले आहे. डोके शाबूत आहे, हे डॉक्टरांनी सोबतच्या दाखल्यात लिहून दिले आहे. सहा महिन्यांपुढचे मात्र ते काही सांगायला तयार नाहीत. मी स्वतः एकोणचाळीस वर्षे अंदाज लिहीत आले, तेव्हा अंदाज द्यायला माणूस कधी कचरतो हे मला सांगावे लागत नाही.

कलम एक. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी बारा वर्षांपूर्वी केले होते. त्यात सगळे कर्मचाऱ्यांच्या वाचनालयाला दिले होते आणि खाली लिहिले होते, "धाकट्या भावाला काही नाही. त्याने ट्रक पसंत केले आहेत." हे वाक्य मी दोनदा अधोरेखित केले होते. आज त्याची मला लाज वाटते. नवे मृत्युपत्र करण्याचे खरे कारण तेवढेच आहे. माझ्या भावाने या घराचा उंबरठा अठरा वर्षांत ओलांडलेला नाही, आणि त्याने तो ओलांडावा अशी माझी इच्छा आहे. बाकी कलमे आपली रीतीप्रमाणे.

कलम दोन. किरकोळ वस्तू. लाकडी शिडी शेजारच्या शिंपीणबाईंना द्यावी. ती गेली सहा वर्षे त्यांच्याकडेच आहे, त्यामुळे उचलून नेण्याचा खर्च नाही. हिशेबाचे जुने हाताने फिरवायचे यंत्र वाचनालयाला द्यावे. सातचा आकडा अडकतो, तिथे हलक्या हाताने टिचकी मारावी. लांब कोट ज्याला अंगाला येईल त्याने घ्यावा, चांगला आहे.

शाईचे पेन आमच्या टक्केसाहेबांना परत करावे. दरविभागाचे हे प्रमुख. कोणत्याही दुखण्यावर दरवाढीचे टक्के हेच त्यांचे औषध, म्हणून कचेरीत त्यांना हे नाव पडले. कौलांच्या दुसऱ्या दरवाढीनंतरच्या तिमाहीत (ती हकीकत कलम चारमध्ये येईल) कंपनीला शंभर मिळवायला येणारा खर्च ब्याऐंशीवरून एकोणऐंशीवर आला, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर ते पेन मला दिले होते आणि ती वाढ सुचवणारा माझा सगळा कागद स्वतःच्या सहीने वर पाठवला होता. त्यांच्यावर मी बरीच वर्षे दात खाल्ले. आता नाही. कागद माझाच होता आणि चूकही माझीच होती. ती चूक माझ्या नावावर राहिली असती तर बरे झाले असते, इतकेच.

कलम तीन. कंपनीचे माझे सर्व शेअर माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या एकुलत्या एक मुलीला द्यावेत. या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्याचे कामही तिनेच करावे. ती एका फर्निचरच्या कारखान्यात माल बाहेर पाठवण्याचे काम बघते, म्हणजे आमचाच धंदा, फक्त टेबलाच्या पलीकडच्या बाजूने.

बाळ, शेअर घाईने विकू नकोस आणि उराशी कवटाळूनही बसू नकोस. कंपनीचा अहवाल आला की नफ्याचे पान आधी उघडू नकोस. किती वॅगन भरून गेल्या ते बघ, मग शंभर मिळवायला किती खर्च झाला ते बघ, आणि नफा सगळ्यात शेवटी. वॅगन घटल्या आणि नफा वाढला, तर समज की कोणीतरी गिऱ्हाईक पिळले आहे. असा नफा दोन-तीन तिमाह्या चमकतो आणि मग गिऱ्हाईकच उरत नाही. कोळसा उतरणीला लागला आहे, तो आता वर चढायचा नाही. धान्य पिकावर अवलंबून. घरबांधणी थंडावली की सिमेंट, लाकूड आणि कौले एकाच दिवशी आजारी पडतात. डिझेल महागले की ट्रकवाल्यांच्या कपाळाला आठ्या, स्वस्त झाले की आमच्या. हे सगळे तुला ठाऊक आहे. मला सांगायला आवडते म्हणून लिहिले.

कलम चार. मालधक्क्यामागच्या गल्लीतले राहते घर, खाली दोन खोल्या, वर एक, मागे मोरी आणि लिंबाचे झाड, हे सर्व माझ्या धाकट्या भावाला द्यावे. तो नको म्हणाला किंवा आणखी कोणत्या कारणाने त्याला मिळू शकले नाही, तर भाचीला द्यावे. घर देण्याचे कारण लिहिणे कायद्याला लागत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. मला लागते.

आईवडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि तो अकरा. मी नोकरी धरली, तो माझ्या हाताखाली वाढला. त्याचे डबे, त्याचे गृहपाठ, त्याचा गोवर, सगळे याच घरात. पुढे त्याने गावाबाहेर कौलांचा कारखाना काढला. तिथून आमचा एक शाखामार्ग जात असे आणि त्या मार्गाचे दर माझ्या टेबलावर ठरत. एकदा रात्री जेवताना मी त्याला बोलून गेले, "वर्षाला चारशे वॅगन भरल्या नाहीत तर मार्ग बंद करणारेत. मग माझं टेबलही गेलं समज." त्याने दुसऱ्यांदा भात घेतला, एवढे आठवते.

त्या वर्षी आम्ही कौलांच्या मालाचा दर आठ टक्क्यांनी वाढवला. लाकूडवाले कुरकुरले, खतवाल्यांनी अर्धा माल ट्रकवर टाकला. कौलांची मात्र एक वॅगन कमी झाली नाही. आमच्या विद्येत याचा एकच अर्थ असतो : या गिऱ्हाइकाला दुसरा रस्ता नाही, तो वाढ सोसतो. मी स्वच्छ अक्षरात लिहिले, "कौलांचा माल दरवाढ सहन करतो. आणखी बारा टक्के वाढवण्यास हरकत दिसत नाही." सख्खा भाऊ म्हणून सूट दिली असे कोणी म्हणू नये, याचीही मला मोठी ऐट होती. बारा टक्के वाढले. तरी त्याच्या वॅगन येत राहिल्या. चौदा महिने आल्या. मग कारखान्याला कुलूप लागले.

मला वाईट वाटले, पण मी म्हटले की बाजार मंद आहे, घरे कोण बांधतो आहे. दोन महिन्यांनी कळले की तो ट्रक कंपनीत गाड्या सोडण्याच्या कामाला लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तेव्हा दारात उभा होता, हातात भाजीची पिशवी. मी त्याला म्हटले, "ज्यांनी आमचं गिऱ्हाईक पळवलं त्यांचं मीठ खायला लागलास. आता माझ्या दारात येऊ नकोस." तो म्हणाला, "बरं, ताई." पिशवी पायरीवर ठेवून गेला. भावजय वारली तेव्हा मी अंत्ययात्रेत मागच्या रांगेत उभी राहिले आणि त्याच्याशी न बोलता परत आले. माझा स्वभाव असा आहे हे या गल्लीत सर्वांना माहीत आहे.

मागच्या वर्षी भाची आली. बंद कारखान्याची एक फाइल तिला माळ्यावर सापडली होती. तिने ती माझ्यासमोर उघडली आणि म्हणाली, "आत्या, तू दर लावायचीस ना, मग हे तूच वाच." ट्रक कंपनीने आमच्या पहिल्या दरवाढीच्याही आधी दिलेला भाव होता तो. आमच्यापेक्षा पाचव्या हिश्शाने स्वस्त. शिवाय शंटिंगच्या धक्क्यांनी वॅगनमध्ये शंभरात सहा कौले फुटत, ट्रकमध्ये दोन. दुसऱ्या दरवाढीनंतरचाही भाव होता, तोवर आमचा दर त्याच्या दीडपट झालेला. दोन्ही कागदांवर समासात भावाच्या हातची पेन्सिल होती : "रेल्वेनेच पाठवणे. ताईचं टेबल आहे."

मी दोन्ही कागद पुन्हा पहिल्यापासून वाचले. भाचीने पाणी आणून दिले.

म्हणजे त्याला दुसरा रस्ता होता. चांगला, स्वस्त, फाटकासमोरून जाणारा. तो माझ्यासाठी त्या रस्त्याने गेला नाही, आणि मी त्याच्या मायेला बाजाराची मागणी समजून तिच्यावर दर लावला. दुसऱ्या कोणत्याही गिऱ्हाइकाच्या बाबतीत माझा अंदाज बरोबर ठरला असता. दरविभागात मायेसाठी रकाना नव्हता, हे खरे; पण मी काही त्याची फक्त दरलेखनिक नव्हते, मी त्याची बहीण होते. मला कळायला हवे होते. मी त्याची क्षमा मागते. घर हा त्या कारखान्याचा मोबदला नाही, तेवढी किंमत या घराची नाही. दोन खोल्यांत भाड्याने एकट्याने राहण्यापेक्षा, जिथे वाढला तिथे त्याने राहावे, एवढीच इच्छा आहे.

कलम पाच. कंपनीतर्फे कोणी भाषण करू नये. मला गाडीने नेण्यात आले तर ट्रक चालेल. हे मी गंभीरपणे लिहिते आहे.

सहीपूर्वी वाढवलेला मजकूर. वरील मसुद्याची नक्कल मी भाचीबरोबर भावाकडे आधीच पाठवली होती. मेल्यानंतर मिळालेली क्षमायाचना नाकारायचीही सोय नसते, म्हणून. तो येईल की नाही हे भाचीलाही सांगता येईना. आज सकाळी वकीलबाई आणि डॉक्टर आले. आपल्या पक्षकाराच्या मृत्युपत्रावर स्वतः साक्षीदार व्हायचे नाही, असा वकीलबाईंचा नेम; दुसरे साक्षीदार म्हणून क्रेनवरचे निवृत्त चालक यायचे होते, त्यांना ताप आला. आम्ही दुसऱ्या कोणाला बोलवावे याचा विचार करत होतो, तेवढ्यात दार वाजले. भाऊ होता. केस सगळे पांढरे. उंबरठ्याबाहेर उभा राहून त्याने विचारले, "ताई, येऊ का आत?" मला रडू आवरले नाही. आवरायचे कारणही नव्हते.

तो खुर्चीत बसला आणि त्याला साक्षीदाराची अडचण कळली.

"एवढंच ना? मी करतो सही," तो म्हणाला.

"तुम्हाला नाही करता येणार," वकीलबाई म्हणाल्या. "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. सही केलीत की तुमचं घर गेलं."

"मग कोणाला मिळेल?"

"तुमच्या मुलीला."

"मग बिघडलं कुठं? द्या इकडे."

मी म्हटले, "अरे, वेडा आहेस का? थांब जरा. शेजारून कोणालाही बोलावता येईल. पुन्हा माझ्यापायी नुकसान करून घेऊ नकोस."

तो हसला. "ताई, दर लावणं तुझं काम. माल कशाने पाठवायचा ते माझं मी ठरवतो. या कागदावर तुझ्या नावाशेजारी दुसऱ्या कोणाचं नाव मला नको."

मी त्याला आणखी अडवले नाही. वकीलबाईंनी हा सगळा मजकूर मृत्युपत्रात बसत नाही असे सांगितले. मी म्हटले, बसवा.

वरील सर्व मी वाचले, मला समजले, आणि ते खरे आहे म्हणून दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही करते. त्यांनीही माझ्या समक्ष केली.

स्थळ : माझ्या घरची पुढची खोली
तारीख : अकरा मार्च, सोमवार, सकाळी पावणेअकरा

लिहून देणार : सही (थोडी हलली आहे, पण माझीच)
पत्ता : मालधक्क्यामागची गल्ली, घर क्रमांक चार

साक्षीदार पहिले : सही, डॉक्टर
पत्ता : चौकातला दवाखाना

साक्षीदार दुसरे : सही, लिहून देणारीचा धाकटा भाऊ, पूर्वीचा धंदा कौले
पत्ता : आजपासून, लिहून देणारीचाच