बाबांचा लाल, फारूकचा निळा

पनवेल, रविवार

ती. ललिताताईस,
धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? करंजा बंदराच्या खाऱ्या वाऱ्याने दुखतो म्हणतेस (डॉक्टर वजनाने म्हणतात, पण ते जाऊ दे). फोनवर तू मधेमधे बोलतेस, म्हणून पत्र.

बाबांचा लाल ट्रॅक्टर आणि फारूकच्या अब्बांचा निळा, यांत रस्त्यावर जास्त कोणता पळतो, हा वाद आम्ही शाळेपासून घालतोय. दोघांची पन्नाशी उलटली (ट्रॅक्टरांची, आम्ही साठीला टेकलो). कंपनीच्या पुस्तकात आपल्याला ताशी सत्तावीस किलोमीटर, त्याला पंचवीस. शेतं गोदामांखाली गेल्यापासून ट्रॅक्टरला चालायला रस्ताच काय तो उरलाय, तेव्हा गुरुवारी द्रोणागिरीच्या नव्या वसाहतीतल्या रिकाम्या रस्त्यावर सोक्षमोक्ष लावायचं ठरलं. तुझा भरत मोटरसायकलवरून मोबाइलवर वेग मोजत होता (भाचा माझा, पण बिर्याणी खातो फारूकची).

फारूक थोडा पुढे होता, हे कबूल. पण आपल्याकडे भातलावणीला यायची ती सोनाबाई लाकडांची मोळी घेऊन माझ्या बाजूने रस्ता ओलांडायला लागली, आणि याने घाबरून ट्रॅक्टर आडवा घातला. मी तसाच निघून ठरलेल्या खांबाशी पहिला पोचलो. जिंकलो की नाही? सोनाबाईने मोळी खाली टाकली आणि एवढंच म्हणाली, "आमाला शेत नव्हताच. आता रस्तापन तुमचाच काय?"

जसा रस्ता मीच विकत घेतला होता. फारूकने तिला ट्रॅक्टरवर बसवून घरी सोडलं, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पन्नास वर्षांची मैत्री, आणि एक हार पचत नाही माणसाला.

तुझा,
विठू

ता. क. भरत सांगेलच, म्हणून मीच सांगतो: लाल बावीस, निळा पंचवीस.

ता. क. २. माझे ब्रेक लागलेच नाहीत, ताई. फारूक घाबरला नव्हता. त्याने ट्रॅक्टर माझ्या आणि सोनाबाईच्या मधे घातला; माझं चाक त्याचं मडगार्ड चेपून गेलं. तो माझा फोन घेत नाही. तुला आपा म्हणतो, तुझा घेईल. सोनाबाईच्या घरी मला जायचंय, पण एकट्याचा पाय उचलत नाही. "विठूच्या सोबत जाशील का?" एवढं त्याला विचार.