भाड्याच्या गाडीत ही बोलत होती

३ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी बसली! भर चौकात, सिग्नल हिरवा असताना. क्लच दाबला तो खालीच गेला, वर आलाच नाही. मागून भोंग्यांचा नुसता कालवा. दोघे जण ढकलायला धावले. त्यातला एक म्हणतो, "आजोबा, गाडी आणि तुम्ही एकाच वर्गात होता का?" म्हटलं, "हो, ती पुढच्या बाकावर होती, म्हणून आधी दमली."

गॅरेजवाला — मी त्याला नटबोल्ट म्हणतो, तोही ओ देतो — बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत राहिला. विहिरीत बघतात तसा. मग म्हणाला, "काका, प्लेट गेली. पार्ट मागवावा लागेल. धीर धरा."

४ फेब्रुवारी, बुधवार

दारात गाडी नाही. तिच्या जागी तेलाचा डाग तेवढा. पाहून उगाच भरून आलं. ही म्हणाली, "घासून काढू का तो?" — नको म्हटलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

घाईत लिहितोय. दुपारी लेकीचा फोन. अपेंडिक्स. उद्या सकाळी ऑपरेशन. जावई कामासाठी परदेशी. "आई, येशील ना गं?" एवढंच म्हणाली. हिचा चेहरा पांढरा पडला. बस सकाळची एकच, ती केव्हाच गेलेली.

आणि गोम अशी की हिला गाडी लागते. गाव मागे पडलं की डोळे मिटते, तोंडाला रुमाल, अंगाचा धनुष्यासारखा ताण. बसमध्ये मात्र लागत नाही — "उंच सीटवर बरं वाटतं." म्हणून कित्येक वर्षं आमची रीत ठरलेली. लेकीकडे जायचं तर ही बसनं, आणि मी बसच्या मागोमाग गाडीनं! मागच्या काचेतून कधीमधी हिचा अंबाडा दिसतो. तेवढ्यावर तीन तास काढायचे. लेक म्हणते, "बाबा, तुम्ही बसचं शेपूट आहात."

मीही बसनंच का जात नाही? तिकडे गाडी हाताशी असावी म्हणून — असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मोकळ्या रस्त्यावर शाळेतल्या कविता मोठ्यानं म्हणायला आता दुसरी जागाच उरलेली नाही. घरी म्हणायला लागलो की शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवतात.

आज इलाज नाही. भाड्याची गाडी आणली आहे. ही चार जादा रुमाल घेऊन तयार बसली आहे. फाशीला निघाल्यासारखी. मला धाकधूक. निघतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सुटलो बुवा! ऑपरेशन छान झालं. लेक शुद्धीवर आली, आईकडे बघितलं आणि पहिलं वाक्य — "आई, तू बाबांच्या शेजारी बसून आलीस?" पोटाचं दुखणं बाजूलाच!

कालचं लिहायला हवं. ती गाडी म्हणजे हायब्रिड सेडान. पेट्रोलवरही चालते, बॅटरीवरही. कधी काय, ते तिचं तीच ठरवते. क्लच नाही, गिअर बदलणं नाही. किल्लीसुद्धा फिरवायची नाही, बटण दाबायचं. दाबलं. काहीच आवाज नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा. भाड्याच्या कचेरीतली मुलगी काचेवर टकटक करून म्हणाली, "आजोबा, ती पहिल्यांदाच चालू झाली होती. तुम्ही बंद केलीत, परत चालू केलीत." आमच्या गाडीला चालू झाल्यावर खोकला यायचा, त्यावरून कळायचं. ही गाडी मात्र मांजरासारखी निघाली. फाटकातून बाहेर पडलो तरी मी कान लावून बसलेलो.

गाव मागे पडलं. रस्ता मोकळा, उन्हं कलती, दोन्ही बाजूंना झाडांची रांग — मी सवयीनं सुरुवात केली. पहिली ओळ पुरी होतेय न होतेय तोच — टुंग! समोरच्या पडद्यावर स्टिअरिंगचं चित्र, त्यावर दोन हात. हात जागेवर ठेवा म्हणून. ठेवले. पुन्हा सुरू केलं — टुंग! आमच्या वर्गात इन्स्पेक्टर आल्यावर असंच व्हायचं. चारदा झाल्यावर मी नाद सोडला. चरफडलो थोडा, पण गाडी परक्याची.

आणि मग नवल झालं. हिनं डोळे उघडे ठेवले! रुमाल पर्समध्ये गेला. थोड्या वेळानं संत्रं सोलायला घेतलं. आणि बोलायला लागली! अगदी पोचेपर्यंत! लेक लहानपणी कशी पलंगाखाली झोपायची. ही स्वतः वाचनालयात नोकरीला होती तेव्हाच्या मोठ्या बाई पुस्तकाला कसा वास घेऊन नंबर द्यायच्या. "मला ना, मोठ्या तळ्याच्या काठी एकदा जायचंय," म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात हे तळं मला ठाऊकच नव्हतं. घरी आम्ही बोलतो ते दूध, औषध, नळ. रस्त्यावर माणूस वेगळं बोलतं. मी ऐकत होतो, गाडी चालत होती, आवाज दोघींपैकी एकीचाच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

काल परतलो. लेक ठीक, चालायला लागली. येताना पुन्हा तोच आनंद. मळमळ नाही, काही नाही. मध्येच हिनं माझ्या तोंडात संत्र्याची फोड घातली — दोन्ही हात गुंतलेले ना माझे!

आज गाडी परत केली. कचेरीतली मुलगी म्हणाली, "कशी वाटली आजोबा?" काय सांगणार! सुट्टी संपून वसतिगृहात परतताना वाटायचं तसं वाटलं. पायी घरी आलो.

ही गाडी घ्यायचीच. माझ्यासाठी नाही. हिला तीन तास शेजारी बसता यावं, बोलता यावं म्हणून. किती वर्षं उरली असतील? ती काय बसच्या मागच्या काचेत बघत घालवायची?

११ फेब्रुवारी, बुधवार

लेकीला फोनवर सांगितलं. "बाबा, टाके दुखतात, हसवू नका." मग गंभीर होऊन — "आईला खरंच त्रास झाला नाही? त्या गाडीत असं काय आहे?" मी म्हटलं, "हादरे नाहीत, धूर नाही, वास नाही." नटबोल्टला विचारलं तर म्हणतो, "काका, आपल्या गाडीला वास नाही हो, ओळख आहे."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज नुसता खिडकीत बसून होतो. सातवीचे मास्तर आठवले. आमच्या शाळेची एक रीत होती, दुसऱ्या कुठल्या शाळेत मी ती पाहिली नाही. कविता म्हणायची ती हातांनी. उजव्या हातानं वृत्त मोजायचं — लघु आला की बोट, गुरु आला की पूर्ण पंजा — आणि ओळीत जिथे थांबायचं तिथे, यतीला, डावा हात वर. लगागा लगागा लगागा लगागा... साठ पोरांचे पंजे एकदम उघडायचे. कबुतरं उडाल्यासारखे! भुजंगप्रयात त्यातल्या त्यात सोपं. शार्दूलविक्रीडिताला मात्र खांद्यापासून हात लागतात. मास्तर म्हणायचे, "हात थांबला तर कविता पडली." ते हाडीमाशी खिळलं आहे. आजही ओळ तोंडात आली की हात आपोआप उठतात. कविता राहिली, मास्तर गेले, वर्ग गेला. हात तेवढे शाळेतच आहेत अजून.

१४ फेब्रुवारी, शनिवार

शोरूमला गेलो होतो. सगळं मुसळ केरात.

तीच गाडी. रंगही तोच. विक्रेता मोठा गोड बोलणारा, टाय घातलेला. "काका, एक फेरी मारून बघा की." ही माझ्या शेजारी, तो मागे. ही हसत होती. रस्त्याला लागल्यावर पहिल्याच टुंगला त्यानं मागून हात लांब करून ते बंद करून टाकलं. "काका, ही कटकट लोकांना आवडत नाही. बंद ठेवता येते." मला काय, आनंदच! मोकळा झालो. बाहेरच्या वळणरस्त्यावर त्याला अख्खी कविता म्हणून दाखवली. "वा काका, वा!" म्हणत होता. गाडी विकायची असली की कोणीही रसिक होतो.

आणि शेजारी बघतो तर — ही डोळे मिटून! तोंडाला रुमाल! दुसऱ्या हातानं दाराची मूठ घट्ट धरलेली, बोटं पांढरी.

तीच गाडी, तीच सीट, हादरे नाहीत, वास नाही. मग हे काय? विक्रेता पाणी घेऊन धावला. मी गाडी हळूहळू परत आणली.

१५ फेब्रुवारी, रविवार

"काही नाही हो. होतं एखादवेळी." — एवढंच. नजर चुकवते.

मनात नको नको ते येतं. कानात दोष असेल का? डोक्यात काही? की माझ्या शेजारी बसणंच नको झालंय हिला, आणि लेकीच्या काळजीत तेवढं विसरली होती? हे तिसरं जास्त टोचतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण आहेत, पण घाई नाही. कान बघितले, हिला डोळे मिटून सरळ रेषेत चालायला लावलं, खुर्चीत गोल फिरवलं. ही आपली खुर्चीत मजेत. "कान ठणठणीत आहेत आजी."

मग विचारायला लागले. "बसमध्ये मळमळतं?" — नाही. "रिक्षात?" — नाही. "लेकीच्या गाडीत?" — नाही. "बोटीत?" — "एकदा बसले होते. छान वाटलं." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग लागतं कुठे नेमकं?"

हिनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनीही माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे.

घरी आल्यावर चहाचे कप ठेवले आणि म्हणाली, "एकदा सांगूनच टाकते. मला गाडी लागत नाही. कधीच लागली नाही."

"मग?"

"तुमचे हात सुटतात स्टिअरिंगवरून! आधी एक, मग दोन्ही! समोर ट्रक येतोय आणि तुम्ही पंजा उघडून लगागा लगागा! मी बघू शकत नाही, म्हणून डोळे मिटते. किंचाळू नये म्हणून रुमाल."

मी खुर्चीत बसलो तो बसलोच. "अगं, मग सांगायचं होतंस! एका शब्दानं थांबलो असतो."

"थांबला असतात. तेच तर." कपाचा कान धरून ती बसून होती. "रिटायर झाल्यापासून तुम्ही घरात नुसते बसलेले असता. पेपर, झोप, पेपर. त्या रस्त्यावर तेवढे सातवीतले दिसता. ते मी बंद करू? त्यापेक्षा बस बरी. मागे वळून बघितलं की दिसायचं — गाडीत एकटेच, हात वर, तोंड चालू. कंडक्टर विचारायचा, आजी, मागचा माणूस आपल्याला थांबवायला हात करतोय का? मी म्हणायचे, नाही हो, तो आमचाच आहे."

मी हसलो. मग ती हसली. मग थांबता थांबेना. तिला खरंच ठसका लागला आणि रुमाल आणायला मलाच उठावं लागलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी उठलो तेव्हा छातीवरून कोणीतरी उठून गेल्यासारखं हलकं वाटलं. आजार नाही. राग नाही. मी नकोसा नाही! नुसती भीती होती, आणि तीही माझ्या हातांची. एवढ्याशा गोष्टीपायी इतकी वर्षं दोन वाहनांतून गेलो. मूर्ख म्हातारा! — पण आज शिवी द्यायलाही गोड वाटतं आहे.

लेकीला सांगितलं. पलीकडे आधी टाके धरून हसणं. मग, "बाबा, मला लहानपणी वाटायचं गाडी अशीच चालवतात."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नटबोल्टनं गाडी आणून दिली. क्लच आता लोण्यासारखा. फेरी मारली, एकटाच, गप्प. हात जागेवर. कविता घशापर्यंत आली आणि परत गेली. करमलं नाही.

म्हणजे हायब्रिडच हवी, आणि तीही टुंग बंद न करता. इन्स्पेक्टर डोक्यावर असला की मी नीट वागतो. ही म्हणते, "घ्या. पण मग तुम्ही गप्प." — ते कळलंय मला. चालेल. त्या बदल्यात हिचं बोलणं मिळतंय, मोठं तळं मिळतंय. सौदा वाईट नाही. कविता अंघोळीच्या वेळी म्हणेन.

२५ फेब्रुवारी, बुधवार

गाडी नोंदवली. विक्रेत्यानं हात जोडून विचारलं, "काका, त्या दिवशीची कविता परत एकदा?" म्हटलं, उभ्यानं म्हणतो. शोरूममध्येच म्हटली, पंजे उघडून. ही बाजूला उभी, डोळे सताड उघडे. बघत होती माझ्याकडे. बराच वेळ.

परतताना रिक्षात एकदम विचारते, "त्या गाडीला क्लच नाही ना? गिअर बदलायला लागत नाहीत? दोनच पेडल?" — "दोनच." — "हं."

९ मार्च, सोमवार

गाडी शिकवणाऱ्या बाई आज दारात आल्या. मला नमस्कार करून म्हणाल्या, "चला काका, बसा." ही पदर खोचून पुढे झाली आणि आमच्या नव्या गाडीत चालकाच्या जागी जाऊन बसली. बाई गोंधळल्या. "आजी, शिकायचंय ते तुम्हाला? आता, एकदम?"

"मग काय? यांना कविता म्हणायच्या असतात. कोणीतरी गाडी चालवायला नको?"