डब्यातलं आमचं रिकामं घर

१४ डिसेंबर
शुद्धलेखन चुकलं तर चुकलं, कोणी वाचलंत तर सांभाळून घ्या. नववीत शाळा सोडली. आईच्या जुन्या मोबाइलवर एका बोटाने टाइप करते, दोन ओळी होईपर्यंत भात शिजतो. मामा म्हणाला, "गो बाय, तो फोटोवालो काय काय करता ता तारीख घालून लिहून ठेव. तू कोणाशी बोलनस नाय, पण बघतंस सगळा." म्हणून.

फोटोवाला (पुढे नुसतं फो.) पुण्याचा. पाऊस गेल्यावर चोपड्यात राहायला आला, भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) नदीकडच्या घरात. भाड्याने, असं तो म्हणतो. आमचं घर पण भाटकाराच्याच जमिनीत. आजोबा त्याचे मुंडकार, त्याच्या जमिनीत घर बांधून राहिलेले. घरासाठी केस चालू आहे. भाटकार म्हणतो घर बंद, कोण राहत नाही, म्हणून हक्क पण नाही. मामा बोटीवर नोकरीला होता तेव्हा बंद होतं, खरं. पण आता मामा आहे, पाळी गावाहून आई आणि मी आलोय. राहतो की.

१६ डिसें.
फो. कॅमेरा काढतच नाही. होड्यांचे फोटो नाही, माणसांचे नाही. नुसता बांधावर उभा राहून बघतो. पाळीला असाच एक आलेला, तिपाई घेऊन, जमीन मोजायला. खूप सभ्य. आईने चहा दिला होता. मग खाण आमच्या काजूंपर्यंत आली.

२१ डिसें.
समोरच्या माडाला बीअरचा डबा बांधला त्याने. काळी टेप. तोंड आमच्या घराकडे. आई विचारायला गेली, मी जनेलातून बघत होते.
"कॅमेराच आहे हो मावशी. बारीक भोक, आत फोटोचा कागद. मार्चपर्यंत असाच राहणार."
"तीन म्हयने एक फोटो?"
"एकच."
"आमका विचारलात?"
"माड भाटकारांचा ना, त्यांना विचारलं."
आई परत आली. खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोलावं. तीन महिने एक फोटो. पाव देता देता पोदेर पण हसला.

३ जाने.
मागच्या दाराने जाते येते. आई ओरडते, "डब्याक कित्याक भितंस? चावता काय तो?" मामा म्हणतो काढून नदीत टाकूया. आई: "माड त्येंचो, डबो त्येचो. आणि पोलीस आमच्या दारात."

१९ जाने.
भाटकाराचा पुतण्या. पांढरी गाडी. फो.च्या बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, दोघांचा चहा. हसणं इथपर्यंत. पुतण्याने दोनदा बोट दाखवलं, आमच्या घराकडे. का माडाकडे. इथून कळत नाही.

८ मार्च
डबा काढला. फो.ने हाक मारली, "ये ना, तुमचंच घर आहे." गेले. का गेले काय माहीत. लॅपटॉपवर दाखवलं.
खरंच फोटो. सूर्याच्या रेघा घरावरून, एकीवर एक, कमानीसारख्या. कौलं, तुळस, पायरी, कपड्यांची दोरी, सगळं. आम्ही नाही. आई रोज अंगणात मासळी सुकत घालते, ती नाही. मामाची स्कूटर नाही.
"हलतं ते उमटत नाही," फो. खूश. "थांबतं तेवढंच. किती शांत आहे बघ. जसं कोणी राहतच नाही."
पहिल्यांदा बोलले त्याच्याशी. "हा कोणाला दिलात?"
"अजून नाही. भाटकारांचा पुतण्या मागतोय. भिंतीवर लावायला."
भिंतीवर.

९ मार्च
मामा तापलाय. आई म्हणते सरळ सांगा त्याला केसचं. सांगणार कोण? मीच गेले. उंबऱ्याबाहेरून एका दमात सांगितलं. फो.चा चेहरा उतरला. मला माहीत नव्हतं म्हणाला. देणार नाही म्हणाला. पाळीचा माणूस पण म्हणालेला, तुमच्या काजूंना हात लागणार नाही.
मग मी म्हटलं, "दुसरा डबा बांधा. तिथेच."
"बांधतो. पण माणूस नाही दिसणार."
"आणि बसून राहिलं तर? रोज एकाच जागी?"
त्याने माडाकडे बघितलं, मग आमच्या पायरीकडे. "रोज खूप वेळ बसलीस तर, कदाचित. धुरकट. चेहरा नाही येणार."
चेहरा नकोच आहे.

१३ मार्च
फो.ने दुसरा डबा बांधला. रोज पायरीवर बसते, माडाकडे तोंड करून. पोदेर: "गो बाय, मूर्ती झालंस काय?" कान गरम झाले. शाळेत फोटो काढायच्या दिवशी मी घरीच राहायचे. माशी नाकावर बसली तरी हलत नाही.

२ एप्रिल
आई पण येऊन बसते आता, सुंगटं (कोळंबी) सोलायला. हात हलतात, बाकी नाही. रविवारी मामा, बिडी घेऊन. "माझो धूर तरी येऊ दे."

२० एप्रिल
पांढरी गाडी परत, फो.कडे. पुतण्या बाहेर आला तेव्हा काखेत काहीतरी चपटं, पेपरात गुंडाळलेलं. फ्रेमएवढं. कॅलेंडर पण असेल. कुंपणापर्यंत गेले असते तर कळलं असतं. पण उठले नाही. ऊन बरोबर पायरीवर होतं, माझा बसायचा वेळ.
गाडी गेली. फो.ने इकडे हात केला. मी हात हलवला नाही.
डबा माडावर आहे अजून.

आत्ताच पोदेर सांगून गेला, त्याच्या बहिणीला जुळी झाली. दोन्ही मुली. मी बसल्या जागीच ऐकलं.