मागच्या खोलीची कडी

मंगळवार, ३ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,
अनेक आशीर्वाद. तू बरी असशील. भावोजींचा खोकला गेला का? आम्ही सगळे ठीक.

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या जावेला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण तू फोन उचलत नाहीस, आणि परवा मला बघून रस्ता ओलांडलास. निदान कागद तरी घरात घेशील.

माझी रजा संपली. पुन्हा चष्म्याच्या दुकानात मागच्या टेबलावर काचा घासत बसते. ठकीला दाढा येताहेत, हाताला लागेल ते चावते. तिला सांभाळायला घर शोधताना मी सगळ्यांना किती पिडलं ते तुला ठाऊकच आहे. सासूबाई तर म्हणाल्या, "ही दूध घेण्याआधी म्हशीची मुलाखत घेईल." तेव्हा तूच सगळ्यात मोठ्याने हसली होतीस.

पण एकेक घर बघितलंस तर तूही घेशील मुलाखत. एका घरी गॅलरीच्या गजांतून ठकीचं डोकं आरामात बाहेर गेलं असतं. दुसरीकडे बाई फार गोड बोलल्या, पण पाळणाघराचा परवाना दाखवा म्हटल्यावर "तो ना, मिस्टरांकडे आहे" म्हणून चहाच टाकायला गेल्या. तिसरी ती खडूस. कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या वरची. तिने सगळ्या खोल्या दाखवल्या, अगदी मोरीसुद्धा, आणि मग उलट माझीच झडती घेतली.

"घ्यायला कोण येणार?"
"मी, नाहीतर हे."
"तिसरं कोणी आलं तर?"
"तिसरं कोण येणार?"
"तेच विचारतेय."

मला राग आला. ही बया आपल्यावरच संशय घेते! घरी येऊन ह्यांना म्हटलं, तिथे नाही ठेवायची. त्यावर सगळ्यांचं एकच पालुपद, घरचं माणूस असताना बाहेर कशाला? धाकटीची मावशी सांभाळतेच की मुलं. धाकटीचा भुंग्या जातोच तिच्याकडे, ठकीही रमेल.

मलाही पटलं होतं गं. मावशीचा स्वभाव गोड, हात सढळ, पुढच्या खोलीत परवाना चौकटीत लावलेला. एकच गोष्ट खटकायची. मी केव्हाही विचारलं की ती म्हणायची, "ये की, फक्त आधी फोन कर." आपलंच घर समज म्हणायचं आणि वर फोन कर म्हणायचं. माझ्या डोक्यात किडा वळवळायला तेवढं पुरलं.

म्हणून त्या बुधवारी मी फोन न करता गेले.

इथवर लिहून थांबले होते. चहा पिऊन आले. आता लिहिते.

मावशीने बऱ्याच वेळाने दार उघडलं. पुढच्या खोलीत चार मुलं खेळत होती, सगळं छान. भुंग्या दिसेना. "मागे झोपलाय," ती म्हणाली. मी म्हटलं, नुसती डोकावते. तिने हात आडवा धरला, हसत हसतच, "अगं, उठतील सगळी." सगळी म्हणजे किती? इतक्यात गॅसवर काहीतरी उतू गेलं आणि ती आत पळाली.

मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. मी ती काढली. पडदे ओढलेले, दमट वास, आणि भिंतीला टेकून ओळीने बसलेली मुलं. मोजायचं भानच राहिलं नाही. एकही झोपलेलं नव्हतं. दिवसभर भुणभुणतो म्हणून ज्याला आपण भुंग्या म्हणतो ना, तो मला बघून धावत आला नाही की रडला नाही. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि मलाच गप्प राहायची खूण केली.

मी त्याला उचललं. मावशी म्हणाली, "नेतेस का? ने ने." कुणाला विचारायला हवं, तुला फोन करायला हवा, काही नाही. माझ्या जागी कुणीही असतं तरी तिने असंच हसत ने म्हटलं असतं, असं मला वाटून गेलं.

संध्याकाळी तू तणतणत आलीस. न विचारता मुलाला कसं आणलं म्हणून. मी म्हटलं, ठकीशी खेळायला आणलं. ते खोटं होतं. मी बोलायला तोंड उघडलंही होतं, "मावशीकडची ती मागची खोली..." एवढंच. तू म्हणालीस, "आई गेल्यावर तिनेच वाढवलंय मला. तिच्याबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही." सासूबाईंनी मान डोलावली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परवान्याच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी सांगितलं, परवाना खरा आहे, पण तो पुढच्या खोलीचा आणि पाच मुलांचा. मागच्या खोलीचा कुणाला पत्ताच नाही. मी लेखी तक्रार दिली. शुक्रवारी त्यांची माणसं न सांगता गेली. पुढचं तुला माहीत आहे. मावशीचं काम बंद झालं, आणि ती रडत सगळ्यांना विचारते आहे की कुण्या वैऱ्याने हे केलं.

मी केलं.

वैर म्हणून नाही. पण तुला न सांगता केलं, हे खरं. संशय माझा मावशीवर होता, तरी भरवसा तुझ्यावरही ठेवला नाही मी. वाटलं, तुला आधी सांगितलं तर तू तिला सावध करशील, आणि ती खोली एका दिवसात लख्ख होईल. तू तसं केलं असतंस की नाही, ते मला आता कधीच कळणार नाही. त्याचीच जास्त टोचणी आहे.

ठकी आता खडूसकडे जाते. काल सासूबाई तिला आणायला गेल्या, तर बाईने दारातूनच परत पाठवलं. "आजी असाल हो, पण मला तिच्या आईने सांगितलेलं नाही." सासूबाईंनी अख्खा जिना डोक्यावर घेतला. माझ्याशी अबोला धरलाय. मी मात्र कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

खडूसकडे एका मुलाची जागा रिकामी आहे. मी ती धरून ठेवायला सांगितलं आहे. तू स्वतः जा, माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस. मोरीसकट सगळं बघ, मनात येईल ते विचार, आणि ती तुला प्रश्न विचारेल तेव्हा भांडू नकोस.

उद्या सकाळी ठकीला सोडायला तुझ्या दारावरून जाईन. बेल वाजवणार नाही. दार उघडं दिसलं तर थांबेन.

तू काहीही ठरवलंस तरी तुझीच,
थोरली