चाळीस डावखुऱ्या खुर्च्या

क्वेन्का, शुक्रवार दुपार

आदरणीय कोंपाद्रे डॉन हेरिबेर्तो यांच्या सेवेशी,

लाउरो ताकुरीचा नमस्कार, आणि बायकोचा, तार्खेलियाचाही (ती शेजारी उभी राहून मी नीट लिहितोय का ते बघतेय. आता गेली). तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि तुमच्या घरच्या कोमाद्रे एल्विरांचा खोकला उतरला असेल अशी आशा आहे. गुडघ्याला गरम मिठाची पुरचुंडी बांधा. डॉक्टरला काय म्हणायचं ते म्हणू दे, त्याचा गुडघा अजून तिशीतला आहे. इकडे आम्ही सगळे ठणठणीत. पाऊस नाही, लाकूड छान वाळतंय.

पत्र लिहितोय कारण फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं, आणि जे ऐकू येतं ते तुम्ही मोठ्यानं परत म्हणून दाखवता. हे मोठ्यानं म्हणण्यासारखं नाही. आमची मुलगी नूबे, जिला तेवीस वर्षांपूर्वी तुम्ही बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलंत आणि जिनं तुमचा नवा कोट भिजवला, जिच्यामुळे आपण एकमेकांचे कोंपाद्रे झालो, ती तुमची धर्मकन्या रविवारच्या बसनं किटोला निघाली आहे. तिथल्या एका कारखान्यात फर्निचरचे आराखडे संगणकावर काढायची नोकरी मिळाली आहे आणि राहणार आहे तुमच्या मागच्या खोलीत. तर विनंती एवढीच की खोली रिकामी नाही असं तिला कळवा. छप्पर गळतंय म्हणा, पुतण्या आलाय म्हणा, काय ते तुम्हीच ठरवा. हे पत्र संध्याकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतो, म्हणजे उद्या सकाळी तुमच्या हातात पडेल. खोटं बोलायला लावतोय हे मला कळतं, पण कबुली द्यायला पाद्र्यांसमोर मी जाईन, तुम्हाला गुडघे टेकायला लावणार नाही.

स्वार्थासाठी सांगत नाही. तिच्याशिवाय माझ्या इथल्या सुतारखान्याचं काय होतं ते ऐका आणि मग ठरवा. आपण दोघं शिकलो तेव्हा पुठ्ठ्याचा साचा असायचा, तो लाकडावर ठेवायचा आणि पेन्सिल फिरवायची. आता आधी पडद्यावर खुर्ची काढायची आणि मग कापायचं यंत्र ती कापतं. मे महिन्यात पाद्र्यांनी चर्चमधल्या गायकवृंदासाठी चौदा बाकं सांगितली. मी एक काढलं आणि त्याच्या तेरा नकला करून ओळीत मांडल्या. नकलेला या धंद्यात कॉपी केलेली बॉडी म्हणतात. मग पाद्री म्हणाले, तीन सेंटिमीटर खाली घ्या, म्हाताऱ्यांचे पाय लोंबकळतात. मी पहिलं बाक खाली घेतलं आणि हात झटकून उठलो. नूबेनं बघितलं आणि म्हणाली की बाबा, बाकीची तेरा जिथल्या तिथेच आहेत, कॉपी एकदा सुटी झाली की मूळ बाकाचं काय झालं याचा तिला पत्ता नसतो. बरं म्हटलं, एकेक करून बदलतो. नवव्याला हात घालणार तोच तार्खेलियानं जेवायला हाक मारली, आणि जेवून आलो तो बाराव्यापासून सुरुवात केली (मोते पिय्यो होता, उकडलेल्या मक्यावर अंडं, माणूस किती लक्षात ठेवणार). तीन बाकं उंच राहिली. पाद्री भला माणूस, त्यांनी त्यांवर वरच्या पट्टीत गाणाऱ्या बायका बसवल्या आणि आता आवाज जास्त चांगला पोचतो म्हणाले.

तेव्हा नूबेनं मला कंपोनंट शिकवला. तीन संध्याकाळ बसून शिकवला, आणि एकदाही आवाज चढवला नाही. मी तिला रंधा शिकवला तेव्हा माझ्याबद्दल असं म्हणता आलं नसतं. कंपोनंट म्हणजे असं, की पडद्यावर चाळीस खुर्च्या दिसल्या तरी खरी वस्तू एकच असते आणि बाकी सगळ्या तिच्याच हजेऱ्या. एकीला हात लावला की सगळ्यांना लागतो. मी विचारलं, मग यातलं चांगलं कुठलं. ती म्हणाली, असं काही नसतं. जे कायम एकसारखं राहायला हवं त्याचा कंपोनंट करायचा, आणि ज्याला पुढे वेगळं व्हायचंय त्याची सुटी कॉपी काढायची. मला हे उत्तर काही पटलं नाही. माणसाला एक काय ते सांगावं.

आता मुख्य गोष्ट. माद्रे पेर्पेतुआ, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका (ज्यांच्यासमोर मी अजूनही टोपी काढतो, आणि टोपी नसेल तर डोक्याला हात लावतो), यांनी चाळीस खुर्च्या सांगितल्या, लिहायची फळी जोडलेल्या. त्यातल्या चार डावखुऱ्या मुलींसाठी, म्हणजे फळी डाव्या हाताला. शाळा सोमवारी उघडणार. मी शहाण्यासारखा कंपोनंट केला. चाळीस खुर्च्या वर्गात मांडल्या, माद्रेंना चित्र दाखवलं, त्यांनी मान हलवली. मंगळवारी नूबे तिच्या मावशीचा निरोप घ्यायला असोगेसला गेली होती. जाताना सांगून गेली की त्या चार आधी सुट्या करा आणि मगच फळी फिरवा, आणि विसरू नये म्हणून कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवून गेली. मी शेवटच्या रांगेतली एक उघडली, फळी डावीकडे नेली आणि कापायला पाठवलं. संध्याकाळपर्यंत चाळीस फळ्या आणि चाळीस बैठका कापून झाल्या. चाळीसही डावखुऱ्या. एवढ्या डावखुऱ्या मुली अख्ख्या आस्वाय प्रांतात मिळायच्या नाहीत.

बुधवारी सकाळी नूबेनं ढीग बघितला. मी म्हटलं, बघ, हे असं होतं, आता नवं लाकूड आणा, नवं कापा, आठ-दहा दिवस जातील, तुझी नोकरी काही पळून जात नाही. तिनं एक फळी उचलली, उलटी केली आणि खुर्चीच्या उजव्या बाजूला धरली. डाव्या हाताची फळी उलटी केली की उजव्या हाताचीच होते, कोंपाद्रे. बैठकीला दोन भोकं नवी पाडायची, जुनी बुजवायची, पेन्सिलची खाच खाली गेली म्हणून वर नवी कोरायची, झालं. फळी हातात धरून ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

“बाबा, पस्तीस वर्षं लाकूडकाम करताय. हे तुम्हाला सुचलं नाही?”

मी म्हटलं, वय झालं. तिनं बाह्या वर केल्या आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत छत्तीसच्या छत्तीस खुर्च्या उभ्या केल्या, मी आपला भोकं बुजवत होतो. आज सकाळी माल शाळेत पोचला. तर आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला एकटं सोडून ही किटोला गेली तर इथे काय उरेल? तार्खेलिया म्हणते की जाऊ द्या तिला, तुम्ही आधी चुका करत होतात आणि पुढेही कराल, त्यासाठी पोरीनं इथे का बसायचं. बायको काही माझ्या बाजूला येत नाही. म्हणून तुम्हाला लिहिलं.

तुमचा,
लाउरो

ता. क. – माद्रे पेर्पेतुआ खूश आहेत. फळीखाली जी जुनी खाच राहिली ती कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हवा खेळण्यासाठी. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मुलींनी तिथे च्युइंगगम ठेवायला सुरुवात केली की मला बोलावणं येईल.

आणखी एक – हे फक्त तुमच्यासाठी, कोमाद्रेंनाही वाचून दाखवू नका. वर मंगळवारचं जे लिहिलं त्यात एक वाक्य गाळलं आहे. फळी डावीकडे नेली तेव्हा पडद्यावरच्या चाळीसच्या चाळीस फिरल्या, आणि ते मी बघितलं. नूबेचा कागदही वाचला, दोनदा. तिचं बसचं तिकीट टेबलावर साखरेच्या भांड्याला टेकून उभं होतं. त्याच्याकडे बघत मी कापायचं बटण दाबलं. फळी उलटी करता येते हे तर मला तुम्हाला-मला मिसरूड फुटायच्या आधीपासून माहीत आहे. ती गेली तर जेवायला बसल्यावर मी कोणाशी भांडू, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. लाज वाटते, पण पत्र फाडत नाही, कारण विनंती अजून तीच आहे.

शेवटचं, रविवार सकाळ – शुक्रवारी ड्रायव्हरकडे पत्र दिलं नाही. त्याच्या खिडकीपर्यंत गेलो होतो. शनिवारी पूर्ण दिवस ते खिशात होतं. आज सकाळी नूबेला सगळं सांगितलं. ती पेटीला कुलूप लावत होती, मान वर न करता म्हणाली, “मला बुधवारीच कळलं होतं, बाबा. म्हणून तर दोन दिवसांत उरकलं. उशीर झाला असता तर लाज तुम्हाला वाटली असती, मला नाही.”

मग मी हे पत्र तिच्याच हाती दिलं. म्हटलं, कोंपाद्रेंना दारातच दे. आता तुमची सवय मला माहीत आहे, पत्र हातात पडलं की उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तुम्ही हलत नाही, आणि हे पत्र जरा लांबलंय. तेव्हा ती अजून बाहेरच उभी असेल. खोली रिकामी आहे असं सांगा आणि तिला आत घ्या, कोंपाद्रे. पेटी जड आहे, हत्यारं मी माझी घातली आहेत.